कशावरून काका आणि सदाहरित झाड

कशावरून काकांनी पहिल्या फटक्यात कशावरच विश्वास ठेवला नाही. ऊन पडलंय म्हटलं तरी ते खिडकीपर्यंत जाऊन येत. सगळी नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेली, एकेक रिव्हेट हातोडीने ठोकून. निवृत्तीनंतर ते लखनौला, आलमबागेत आमच्या शेजारी राहिले. पूल संपले म्हणून आम्हाला ठोकू लागले. अमीनाबादच्या बाजारातून आणलेल्या चादरीचा रंग पक्का आहे म्हटलं, की लगेच, “कशावरून?”

आमच्या कॉलनीच्या बागेत एका बड्या साहेबांनी फीत कापून सुयांसारख्या पानांचं एक झाड लावलं. झाड कमरेएवढं, भाषण ताडाएवढं. शेजारी संगमरवरी पाटी: ‘सदाहरित वृक्ष’. डिसेंबरात ते सदाहरित झाड विटकरी झालं आणि सगळ्या सुया गाळून मोकळं झालं. समितीने निदान केलं की रामदीन माळ्याने पाणी घातलं नाही. झाड उपटायचं, माळ्यालाही काढायचं.

काकांचा पहिला संशय अर्थात रामदीनवरच.

“पानी रोज देते थे? कशावरून?”

वीस वर्षं मराठी घरांची बाग सांभाळलेल्या रामदीनला तेवढं मराठी येत होतं. “उँगली डालके देख लीजिए, साहब.”

काकांनी बोट मातीत खुपसलं. ओलं निघालं. मग त्यांनी नखाने फांदी खरवडली. आत हिरवं होतं. खाली पडलेली एक सुई उचलून ते मला म्हणाले, “मेलेल्या झाडाची पानं फांदीवरच वाळतात. हे टाकतंय. टाकायलाही जिवंत असावं लागतं.”

समितीत सचिव चिडले. “काकाजी, पत्थर पर सदाहरित लिखा है!”

“पत्थर किसने लगाया? पेड़ ने?”

शेवटी झाडाला आणि रामदीनला होळीपर्यंत मुदत मिळाली.

काका जानेवारीतच गेले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीच पुटपुटलो, “कशावरून?”

होळीच्या आठवडाभर आधी रामदीन आला. चपला दाराशी काढल्या आणि काकांच्या फोटोपुढे एक कोवळी, पोपटी डहाळी ठेवली. काकूंनी डोळे पुसले. “आता तरी पटलं असेल ह्यांना.”

मी फोटोकडे पाहिलं. भुवई तशीच चढलेली. ही डहाळी त्याच झाडाची कशावरून?

मी चपला घातल्या आणि बागेत जाऊन पाहून आलो.