पंचामृतात बुडालेलं गाणं

माझ्या बायकोचं रेडिओवरचं गाणं अख्ख्या मुंबई इलाख्याने ऐकलं, फक्त मी सोडून.

परवा वाचनालयाची दोन उत्साही मंडळी घरी आली. कल्याणातल्या जुन्या रेडिओच्या दिवसांचं प्रदर्शन भरवतायत म्हणे. "वहिनींच्या गाण्याची टेप असेलच ना?" टेप कसली डोंबलाची! पन्नासच्या दशकात गाणारा तिकडे मुंबईला माइकसमोर बसायचा, इकडे आपण कान टवकारायचे, आणि गाणं संपलं की संपलं. खुद्द गाणाऱ्यालाही ते पुन्हा ऐकायला मिळायचं नाही.

म्हणूनच सुमनने मला बजावलं होतं. गाण्याच्या दिवशी तिच्या भावाबरोबर मुंबईच्या गाडीत बसताना म्हणाली, "अहो, मी कशी गायले ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही नीट ऐका. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरतो का, तेवढं मला खरं खरं सांगा." मी म्हटलं, "तू निर्धास्त जा." (शाळामास्तर माणूस. लक्ष देऊन ऐका, हे दिवसातून पन्नास वेळा दुसऱ्यांना सांगणारा.)

तिला सोडून घरी आलो तर रेडिओ जागेवर नाही. तो देवघरासमोर पाटावर बसला होता. एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्र, आणि मधोमध आमचा रेडिओ, कपाळभर कुंकू लावून. त्या दिवशी खंडेनवमी होती हे मी साफ विसरलो होतो.

"आई, हा इथे कशाला?"

"अरे, आज हत्यारांची पूजा. सूनबाईचं हत्यार हेच ना?"

"अगं, तिचं हत्यार तिचा गळा. हा नुसता वाजतो."

"मग गळ्याची पूजा कशी मांडू, सांग बघू. आणि आता उद्यापर्यंत हलवायचा नाही. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत."

मी रागावलो, विनवण्या केल्या, शेवटी जमिनीवर फतकल मारून बसलो. गाण्याची वेळ जवळ आली तशी मीच आमंत्रण दिलेली सगळी आळी सतरंज्या घेऊन दारात जमायला लागली. ती गर्दी बघून आई विरघळली. देवाची क्षमा मागून, अक्षता टाकून तिने रेडिओ पाटावरून उतरवू दिला. मी घाईघाईने तो जोडला आणि बटण फिरवलं.

रेडिओ तापू लागला. आधी तुपाचा वास आला. मग दुधाचा. मग जळक्या साखरेचा. मग आतून फस्स असा आवाज झाला आणि दिवा गेला.

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "तू ह्याच्यावर फुलाने पाणी शिंपडलंस ना?"

"फुलाने कशाला? पहिलीच पूजा त्याची. मी पळीपळीने पंचामृत घातलं. वरून सगळं आत गेलं बघ, एक थेंब खाली सांडला नाही." मग माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "तिचं गाणं चांगलं व्हावं म्हणूनच केलं रे मी."

तिला बोलून काय करणार? कपाळाला हात लावून मी बाहेर पळालो. जवळपास दुसरा रेडिओ एकच, खाडीकडच्या अंगाला राहणाऱ्या बाळू पाटलांचा. मी पुढे, मागून आई, तिच्यामागून सतरंज्या काखोटीला मारलेली अख्खी आळी. वाटेतली माणसं विचारत होती, कोण गेलं म्हणून.

पाटील मोठे दिलदार. "या मास्तर, या. बसा. आधी चा घ्या."

"पाटील, चहा नको. रेडिओ लावा. सुमन गातेय."

"वयनी गातान? मंग तर चा पायजेच." आत चहाची ऑर्डर सुटली, बाहेर रेडिओवर सिनेमाची गाणी सुरू होती. मी स्वतः काटा फिरवला. खरखर, शिट्टी, बाजारभाव, आणि मग एकदम सुमनचं नाव. तंबोरा लागला. तिने पहिली ओळ उचलली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती खरंच सुरेख गात होती हो.

"काय गोड आवाज," पाटलीणबाई म्हणाल्या.

"शूः," आई म्हणाली.

"आवो, शू शू काय करता, ऐकू द्या," पाटील म्हणाले.

"तुम्हीच बोलताय की," आळीतलं कोणीतरी.

"गप ऱ्हावा रं सगली," पाटील गरजले, आणि ओटीवरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याला गप्प करू लागला.

माझ्यातला मास्तर उसळला. मी रेडिओकडे पाठ करून उभा राहिलो आणि ओरडलो, "चूप! एकदम चूप!" सगळे तत्काळ चूप. तिथेच थांबायचं की नाही? पण वर्ग शांत झाला की मला भाषण सुचतं. गाणं कसं ऐकावं, समोर बसलेल्याने कसं वागावं, आपल्या समाजाला शिस्त का नाही, घशाच्या शिरा ताणताणून मी सगळं सांगितलं. ओटीवर टाचणी पडली तर ऐकू आली असती. मी समाधानाने मागे वळलो, तेव्हा निवेदक आभार मानून पुढच्या कार्यक्रमाकडे वळला होता.

तिन्हीसांजा उलटल्यावर सुमन आली. आळीने दारातच घेरून "फार छान झालं हो" म्हणून घेतलं. तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं. "कडवं?"

मी मान खाली घातली. जे घडलं ते आईनेच सांगितलं, पंचामृतापासून भाषणापर्यंत. सुमन आत वळली. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलताना दिसले आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "बसा तिथे," म्हणाली, आणि तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. मी जीव कानात आणून ऐकलं. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरला, पुरून उरला.

"आता तरी सांगा."

मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. होता नव्हता तो सगळा आवाज मी पाटलांच्या ओटीवर संपवून आलो होतो.

सुमनने उठून पदर खोचला. "बरं झालं," ती म्हणाली. "निदान ह्या वेळी मध्ये कुणी बोललं नाही."