निम्म्या ह्या, निम्म्या त्या

शिरूरच्या वाद्यांच्या दुकानात इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची दोन पाकिटं धरून मी अर्धा तास उभा होतो. कुठली कंपनी घ्यावी, ठरेना. ढोलकी दुरुस्तीला आणलेल्या एका टोपीवाल्या मामांनी पाकिटं उलटी करून मुदतीची तारीख शोधली आणि म्हणाले, "कांद्याचं नवं बी घेतो तवा आम्ही निम्म्या रानात ह्याचं टाकतो, निम्म्यात त्याचं. आन् पाट्या लावतो. थंडी पडली की कळतं, कुठलं जोमात हाय."

मला हसू आलं. तरी घरी जाऊन तीन तारा ह्या कंपनीच्या, तीन त्या कंपनीच्या चढवल्या. चिठ्ठ्याही बांधल्या.

पुढं दौंडला एका लग्नात वाजवत होतो. गाणं ऐन रंगात असताना तेच मामा स्टेजवर चढले, वाकून चिठ्ठ्या वाचल्या आणि विचारलं, "कुठलं जोमात हाय?"

मी वाजवायचं थांबवलं. "मामा, जरा थंडी पडू द्या. मग सांगतो."