चावीमामांच्या चपलेतला खडा

चावीमामांचं खरं नाव काय, ते त्यांच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, हातात घासून गुळगुळीत झालेली काठी, आणि पायात जाड तळाच्या चपला. एकतीस वर्षं त्या माणसानं एकच काम केलं, शहराला पाणी सोडायचं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी खाली उतरवायची आणि फिरवायची. एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं चालू. टेकडीवरच्या टाकीपाशी सुरुवात व्हायची ती तांबडं फुटताना, आणि दवाखान्यामागच्या खालच्या गल्लीत पोचेपर्यंत ऊन चांगलं तापलेलं असायचं.

काठीचं एक टोक जमिनीला लावायचं आणि दुसरं कानाला. असं करून मामा पाइप ऐकायचे. कुठं गळतंय, कुठं हवा अडकलीय, त्यांना कानानं कळायचं.

"काय मामा, काय म्हणतोय पाइप?" सलूनवाला दुकानातून ओरडायचा.

"म्हणतोय, त्या सलूनवाल्याला सांगा, नळ उघडा टाकून गप्पा मारू नको."

असा विनोद करायचे, पण हसायचे नाहीत हं. तोंड कायम दगडासारखं.

टाकीच्या मोठ्या व्हॉल्व्हला बावीस आटे होते. मामा वीसच फिरवायचे. दोन शिल्लक. कुणी म्हणायचं आळस आहे, कुणी म्हणायचं म्हातारा पाण्यातही कंजुषी करतो. मामा म्हणायचे, "सवय आहे." पण सवय बिवय काही नव्हती. शाळेच्या कोपऱ्यापासून दवाखान्यापर्यंत, दोनशे पावलं असतील, तिथला पाइप जुनाच राहिला होता. सगळ्या शहरात नवा पाइप घातला तेव्हा त्या तुकड्यावर येऊन काम थांबलं. वरून हुकूम आला, चर बुजवून टाका. बुजवला. बुजवणाऱ्यांत मामाही होते, त्याच पायांनी त्यांनी वरची माती तुडवली होती. नकाशा मात्र आधीच रंगवून झालेला! त्यात टाकीपासून खालच्या गल्लीपर्यंत एकच निळी रेघ, नवी कोरी. तो नकाशा काचेत घालून पाणी खात्याच्या भिंतीवर लावला, आणि बारा-पंधरा वर्षांत सगळ्यांनी त्याच्यावर बोट ठेवून ठेवून ते खरंच करून टाकलं. मामांनी आधीच्या साहेबांना एकदा सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, "नकाशात नवा आहे ना? मग नवाच आहे." त्या दिवसापासून, जुन्या पाइपावर पुरा दाब नको म्हणून, मामा वीस आट्यांवर थांबायला लागले. आणि त्या दोनशे पावलांवरून जाताना पाऊल आपोआप हळू पडायचं, झोपलेल्या आजाऱ्याच्या अंगावरून जावं तसं.

घरी मामी होती आणि चार वर्षांची नात. जावई नात वर्षाची असतानाच आजारपणात गेला. मुलगी शिकलेली, औषधं तपासायचं शिक्षण तिचं. पण शहरात तसलं काम कुठलं? आठ तासांच्या अंतरावर औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या, लेकराला सांभाळणार कोण तिथं? म्हणून नात इकडे. मुलगी दोन महिन्यांतून एकदा यायची, दोन दिवसांसाठी, निळी बॅग घेऊन. नात मामीला "आई" म्हणायची. आणि मुलगी दारात दिसली की आत पळत जाऊन सांगायची, "आई, बॅगवाली आली!"

मुलगी हसून घ्यायची. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुवायची.

अशात बातमी आली. मुलीच्याच कारखान्याला दुसरा कारखाना काढायचा होता, सलाइनच्या बाटल्यांचा. तीन शहरं पाहणार होते, त्यात आपलं एक. मुलगी फोनवर बोलताना धापा टाकत होती. "बाबा, तिथं झाला ना, तर मला पहिली बदली मिळेल. साहेबांनी शब्द दिलाय. फक्त पाणी भरपूर हवं म्हणतात. पाणी तुमच्याच हातात आहे की हो!"

बघायला येणार म्हटल्यावर शहराची धांदल काय वर्णावी. रस्त्यांचे खड्डे बुजले, दवाखान्याच्या खाटांना नव्या चादरी आल्या, वाचनालयातल्या कपाटांवरची धूळ किती वर्षांनी झटकली, तर वाचणारेच शिंकून बेजार. बाजाराच्या छपराला रंग, बागेतल्या मोडक्या झोपाळ्याला नवी साखळी. सलूनवाला म्हणाला, "माझ्याकडं फुकट दाढी करून घ्या म्हणावं, पण कारखाना द्या." त्याचा मुलगा शिकून दोन वर्षं घरी बसला होता ना.

पाणी खात्याचे साहेब तसे भले माणूस. येऊन चारच वर्षं झालेली, भिंतीवरच्या नकाशावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांनी मामांना बोलावलं. "मामा, उद्या बावीसच्या बावीस आटे. खालच्या गल्लीतसुद्धा धार अशी पडली पाहिजे की बादली उलटावी."

"साहेब, वीसच बरे."

"का?"

मामांच्या डोळ्यांपुढं निळी बॅग आली. "काही नाही. सवय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी बावीस आटे फिरवले. शेवटचे दोन अर्धा-अर्धा आटा करत फिरवले. काही झालं नाही. पाइपनं दम धरला. खालच्या गल्लीत धार अशी पडली की बायका नळापाशी जमून बघत राहिल्या.

कारखान्याकडून चौघं आले होते. त्यांत एक इंजिनियर मॅडम, वयानं मामांच्या मुलीएवढ्या. बाकीचे गाडीतून फिरले. मॅडम म्हणाल्या, "मला पायी दाखवा, पाणी जातं कसं ते." म्हणून साहेब आणि मामा त्यांच्याबरोबर टेकडीपासून चालत निघाले. मॅडम पाण्याचं विचारायच्या, शाळेची पटसंख्या विचारायच्या, दवाखान्यात अडलेल्या बाईची सोय होते का तेही विचारायच्या. म्हणाल्या, "आमची माणसं इथं राहायला येणार, नुसती यंत्रं नाही." आणि ऐकलेलं सगळं वहीत लिहायच्या.

शाळेच्या कोपऱ्यावर मामांचं पाऊल हळू पडलं. काठी आपसूक जमिनीला टेकली. एकतीस वर्षांची खोड, ती काय कुणाला विचारून होते?

मॅडम थांबल्या. "मामा, इथंच का थांबलात? सगळ्या रस्त्याला कुठं थांबला नाहीत."

साहेबांनी मामांकडं पाहिलं. त्यांनाही खरंच कळलं नव्हतं.

मामा खाली वाकले, चप्पल काढली, झटकली. "काही नाही मॅडम. चपलेत खडा गेला."

मॅडम हसल्या आणि पुढं निघाल्या.

शहर खूश! पाहुणे खूश दिसत होते, साहेबांनी मामांची पाठ थोपटली. संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, होणार ना हो?" नात शेजारीच होती, तिनं विचारलं, "कोण, बॅगवाली?" मामांनी फोन मामीकडं दिला आणि अंगणात जाऊन बसले.

मामीनं जेवायला वाढलं. मामांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. तांब्याला हात लावला नाही.

"काय झालं? खरं सांगा," मामी म्हणाली.

मामांनी सांगितलं. दोनशे पावलांचं, बुजवलेल्या चराचं, खड्याचं, सगळं.

"मग? आज फुटला का? बावीस आट्यांनी फुटला नाही, तो उद्या कशाला फुटतोय?"

"आज तासभर सोडलं. कारखाना रात्रंदिवस ओढणार. एक दिवस फुटेल, आणि पहिला कोरडा पडेल तो दवाखाना."

"आणि माझी लेक? तिनं जन्मभर मोरीत तोंड धूत बसायचं?" मामीचा आवाज चढला. "गप्प बसायला काय पैसे पडतात तुम्हाला? इतकी वर्षं बसलातच की!"

तेच तर लागलं मामांना. इतकी वर्षं बसलोच की.

सकाळी पाणी सोडून झाल्यावर, चावी खांद्यावर तशीच, मामा पाहुण्यांच्या मुक्कामावर गेले. मॅडम गाडीत बॅगा ठेवत होत्या.

"मॅडम, काल खडा नव्हता," मामा म्हणाले.

त्यांनी सांगितलं, मॅडमनी लिहिलं. मध्येच विचारलं, "तुमच्या साहेबांना माहीत आहे?"

"आता इथून निघालो की सांगतो."

"आणि आम्ही आलो नाही तर तुमचं काही नुकसान?"

मामांनी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आहे," म्हणाले. बस, तेवढंच.

कारखाना त्या वर्षी आला नाही. पत्र आलं, पाणी वाहून नेणारी लाइन पूर्ण बदलली तर पुन्हा विचार करू. साहेब संतापले, मग नकाशासमोर कितीतरी वेळ उभे राहिले, मग तो उतरवून कपाटामागं ठेवला. शहरानं मात्र मामांना सोडलं नाही. चावीमामांचे खडामामा झाले. सलूनवाला मामा दिसले की नळ बंद करायचा आणि तोंड फिरवायचा, ओरडायचा नाही, ते जास्त लागायचं. कुणी रस्त्यात चप्पल झटकून दाखवायचं. मामी चार शब्दांच्या वर बोलेना, जेवायला बसा, झोपा, एवढंच. मुलीचा फोन दीड महिना आला नाही. आला तेव्हा तिनं फक्त विचारलं, "पोरगी जेवली का?"

मामा रोज पाणी सोडत राहिले. वीस आटे.

तो तुकडा बदलायला दोन वर्षं गेली. कागद इकडून तिकडे, तिकडून इकडे. साहेबांनी चिकाटी सोडली नाही हे मात्र खरं. खणायचा दिवस आला तेव्हा कुठून कुठपर्यंत हे सांगायला मामाच लागले. काठी टेकत चालले आणि चुन्यानं खूण करत गेले. पाइप बाहेर निघाला. लोक जमले. बिडाचा तो पाइप वरून काळा, धडधाकट दिसत होता, आणि कामगारानं नुसता हातोड्याचा दांडा टेकवला तर खपली पडावी तसा तुकडा आत गेला. मामी नातीचा हात धरून आली होती. ती पुढं झाली, भोकात बोट घातलं, पाइपाच्या आतल्या बाजूनं निघालेलं बोट वाकून पाहिलं. घरी जाऊन तिनं मामांच्या अंघोळीचं पाणी तापवलं आणि स्वतः काढून दिलं. दोन वर्षांनी.

सलूनवाला मागं उभा होता. "मामा, या कधी दाढीला," म्हणाला.

मॅडम पुन्हा आल्या. पुन्हा पायी चालल्या. शाळेच्या कोपऱ्यावरून मामा सरळ पुढं निघून गेले. मागून मॅडमनी विचारलं, "निघाला का खडा?"

"निघाला," मामा म्हणाले. त्या दिवशी बावीस आटे सोडले होते, शेवटचे दोनही एका दमात.

कारखाना उभा राहायला आणखी वर्ष. मुलगी बदली होऊन आली तेव्हा नात सात वर्षांची झाली होती, दोन दात पडलेले. ती तीन वर्षं कुणी परत दिली नाहीत, आणि देणार तरी कोण? मामी नातीला सारखी सांगायची, "मी आजी. आई ती." इतकी वर्षं ती हाक मात्र तिनंच घेतली होती.

नात कोपऱ्यात ठेवलेल्या निळ्या बॅगेपाशी जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आज जाणार?"

"नाही गं. आता इथंच," मुलगी म्हणाली.

पोरीला पटलं नाही. तिसऱ्या दिवशी बॅग भरली जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मामांनी ते ऐकलं. उठले, बॅग उचलली, आतलं सगळं कपाटात ठेवलं. मग परसातून आपलं सामान आणलं. ग्रीसचा डबा, सुतळीचे गुंडाळे, जुने वॉशर, गंजलेले पाने, एकेक करून बॅगेत भरलं. निळं कापड बघता बघता काळं झालं.

"बाबा! चांगली बॅग होती हो!" मुलगी म्हणाली.

"असू दे," मामा म्हणाले आणि ती बॅग चावीशेजारी खुंटीला अडकवली.

नात जवळ आली. बॅगेला नाक लावलं, तोंड वाकडं केलं. मग एक बोट ग्रीसमध्ये बुडवलं, ते डोळ्यांसमोर धरून पाहिलं, आणि इकडं तिकडं न बघता शेजारी उभ्या असलेल्या आपल्या आईच्या पदराला पुसलं.

मामीनं ते पाहिलं, आणि ती आत चहा ठेवायला गेली.