फोल्केचं कडं

टालविकेनमध्ये आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं फोल्के हेल्स्ट्रमचं ठाम मत होतं. गावाचं मत वेगळं होतं, पण ते ऐकून घ्यायची फोल्केला सवय नव्हती. तीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात मीटरचे आकडे तपासून निवृत्त झालेला हा गृहस्थ. घरी फायलींचं एक कपाट; त्यात जळाऊ लाकडांचीसुद्धा फाइल. गावाने स्वतः चर खणून इंटरनेटची केबल आणायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठीच्या सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाला ते नको होतं, ही बारीकशी गोष्ट त्याने मनावर घेतली नाही.

पहिल्या सभेत त्याने गावाला शहाणं करायला घेतलं. घरातल्या घरात दोन-चार यंत्रं जोडली की ते घरचं नेटवर्क, शहरभर पसरलं की शहराचं, आणि समुद्र ओलांडून गेलं की जगाचं, असं सांगून झाल्यावर त्याने कॉफीबरोबरचे दालचिनीचे बन टेबलावर मांडले. आधी एका ओळीत.

"ही रांग. सगळे एकाच तारेवर. तार तुटली की पुढचे सगळे गेले." मग एक बन मधे आणि बाकीचे भोवती. "ही चांदणी. मधे पेटी, प्रत्येकाची तार वेगळी. पण पेटी बसली की सगळेच बसले." शेवटी त्याने बनांचं गोल कडं केलं आणि मागे सरून पाहिलं. "आणि हे आपलं. मुख्य केबल तळ्याच्या उत्तर काठाने येईल, गावाला वळसा घालून दक्षिण काठाने परत जाईल. एकीकडे तुटलं तर दुसरीकडून चालू."

हुल्डाने, म्हणजे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने, कड्यातला एक बन उचलून खाल्ला. "चालू आहे?"

"चालू आहे."

"आणि दोन खाल्ले तर?"

"दोन्हीकडून एकाच वेळी कोण तोडेल, हुल्डा? एवढं खादाड कोणी नाही."

लोक हसले. फोल्केला वाटलं, आपल्या विनोदाला हसले.

कड्याचा हट्ट मात्र त्याने मिरवण्यासाठी धरला नव्हता. त्याची बायको सिव, तिचं हृदय अधू. गळ्यात एक बटण असायचं. ते दाबलं की घरातल्या पेटीतून, याच केबलवरून, निरोप थेट नर्सच्या ऑफिसात जाणार. मोबाइलला रेंज फक्त चर्चच्या टेकडीवर. "कडं आहे ना, तू निर्धास्त राहा," असं तो तिला सांगायचा. या एका बाबतीत त्याला खरोखर भीती वाटायची.

पण दक्षिण काठावरचं शेत त्याच्या धाकट्या भावाचं, एवाल्डचं. आणि एवाल्डशी तो तेव्हा सात वर्षं बोलत नव्हता. का, तर वडिलांची होडी ठेवायची खोप एवाल्डने न विचारता हिरवी रंगवली. पिढ्यान् पिढ्या लाल असलेली खोप हिरवी! माणसं जमिनीसाठी भांडतात, बाईसाठी भांडतात. या भावांना रंगाचा डबा पुरला. शेतातून केबल न्यायची तर एवाल्डच्या दारात जाऊन सही मागायला हवी. सिवने सोसायटीची चिटणीस म्हणून संमतीचे कागद सगळ्यांच्या टपालपेट्यांत टाकले होते, एवाल्डच्याही. पण गोळा करायला जायचं अध्यक्षाने.

फोल्के गेला नाही. त्याने काय केलं, तर कड्याच्या दोन्ही केबली उत्तरेच्या एकाच चरात घातल्या. जाणारी आणि येणारी, बोटभर अंतराने शेजारी शेजारी. शिवाय रस्त्याकडेचा खडक फोडायचा कंटाळा म्हणून तो चर गावच्या मैदानातून आडवा काढला. नकाशावर मात्र एक केबल रस्त्याच्या कडेने, दुसरी एवाल्डच्या शेतातून, असं देखणं कडं काढून त्याने ते भिंतीवर लावलं. आपल्या घराच्या व्हरांड्यात तक्रारपेटी ठोकली: तक्रार लेखी, सहीसह, स्वतः आणून टाकावी.

चार वर्षं तो रोज तो नकाशा बघत होता. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते आठवतं. फोल्केला तेवढंही जमलं नाही. त्याचा स्वतःच्या नकाशावर विश्वास बसला.

यंदा मिडसमरच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दिवशी त्याला शोध लागला, की फुलापानांनी सजवून उभा करायचा खांब मैदानाच्या मध्यापासून तीन वीत सरकलेला आहे. आजोबांपासून खड्डा तोच, पण आजोबांकडे टेप नव्हती. त्याने नकाशा पाहिला. मैदान कोरं. मग ट्रॅक्टरला खड्डे पाडायचं यंत्र लावून त्याने नवा खड्डा घेतला. गुडघाभर खाली पातं जरासं अडलं. फोल्केने जोर वाढवला.

दोन्ही केबली एका फटक्यात गेल्या आणि गाव मुकं झालं. पोरीबाळी फुलं बांधत होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. फोल्के खांबाचा ओळंबा बघत राहिला.

एवाल्डच्या घरी मात्र इंटरनेटवरचा रेडिओ बंद पडला. त्याने तक्रार लिहिली, सही केली, आणि नियमाप्रमाणे अकरा वर्षांनी भावाच्या व्हरांड्यात चढला. कागद पेटीत टाकताना त्याला तळघरातून ठोकण्याचा आवाज आला.

हेरिंग माशांच्या लोणच्याची बरणी आणायला गेलेली सिव पायऱ्यांवरून पडली होती. पाऊण तास ती बटण दाबत होती. शेवटी हाताला आलेलं झाकण जिन्यावर आपटत राहिली.

एवाल्डने तिला गाडीत घातलं आणि इस्पितळ गाठलं. खुबा मोडला होता, हृदय टिकलं. संध्याकाळी फोल्के खाटेशी येऊन बसला, नखांत मैदानाची माती तशीच.

"तू म्हणाला होतास, कडं आहे," सिव म्हणाली.

फोल्के नखांतली माती उकरू लागला.

"एवाल्डकडे जा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव खांबाभोवती नाचत असताना फोल्के तळ्याला वळसा घालून दक्षिण काठाला गेला. हिरव्या खोपीवरून गेला, तिच्याकडे न बघता. एवाल्डने दार उघडलं.

"सही हवी होती," फोल्के म्हणाला. "शेतातून केबल न्यायला."

एवाल्डने स्वयंपाकघरातला खण ओढला आणि एक घडी घातलेला कागद त्याच्या पुढ्यात टाकला. सही केलेली होती. तारीख चार वर्षांपूर्वीची, सिवने कागद टपालपेटीत टाकले त्याच आठवड्यातली.

"मग दिला का नाहीस?"

"न्यायला येशील म्हणून ठेवला होता."

फोल्केने चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. "यात शेताचा नंबर चुकलाय," तो म्हणाला.

"मग दुरुस्त कर," एवाल्ड म्हणाला. "पेन तिथे आहे. आणि फावडं दाराशी."