रेलिंगवरची गोधडी

समुद्रापासून कोसो दूर, नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गारखेड्यात राहून कडुबाला बोटींचे फोटो काढायचं वेड लागलं, याची गल्लीनं भरपूर थट्टा करून घेतली. वाळूजच्या कारखान्यात जन्म घालवलेला हा माणूस. पोरगा सुयश मुंबई बंदरात टगबोटीवर खलाशी लागला, तेव्हा यानं कॅमेरा घेतला. मोठाल्या जहाजांना दोरखंडानं ओढून धक्क्याला लावणाऱ्या या ठेंगण्या बोटींवर त्याचा भारी जीव. सवड मिळाली की मुंबई गाठून स्वारी भाऊच्या धक्क्यावर हजर.

तक्रार एकच. बायको सरूबाईनं लेकासाठी शिवलेली गोधडी सुयश बोटीच्या रेलिंगवर वाळत घालायचा. "काढ ती आधी! साऱ्या फोटोचा सत्यानास होतो," असं कडुबा धक्क्यावरून फोनवर ओरडायचा. पोरगा नुसता हसायचा.

परवा समुद्रात वादळ उठलं. भरकटलेलं जहाज आणायला चार टगबोटी गेल्या, त्यात सुयशची होती. तेव्हापासून त्याचा फोन बंद. कडुबा सारखा नंबर फिरवत होता.

"लागला का?" सरूबाई सारखी विचारी.

"रेंज नसंल," तो म्हणे. स्वतःचं बोलणं त्याला स्वतःलाच पटत नव्हतं.

आज सकाळी ऊन पडलं. बोटींचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर मुंबईच्या एकानं फोटो टाकला: टगबोटी परतल्या. कडुबानं पाहिलं, तर तीनच. चारही बोटींचा रंग सारखा, आणि लांबून काढलेल्या फोटोत नावं वाचता येईनात. त्यानं फोटो मोठा केला. तिन्ही रेलिंगांवर भिजलेले कपडे वाळत होते. शर्ट होते, टॉवेल होते, चादरी होत्या. गोधडी कुठंच नव्हती.

"आपली दिसती का?" सरूबाईनं खांद्यावरून वाकून विचारलं.

आता खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "नाय," तो म्हणाला. ती होती तिथंच खाली बसली.

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"अण्णा, मी सुयश. माझा फोन भिजला, दुसऱ्याच्यावरून बोलतोय. आम्ही पोचलो. एक बोट जहाजापाशी थांबलीय, तीबी ठीक हाये."

कडुबा एकदम खेकसला, "गोधडी कुठंय?"

"आत घेतली. धक्क्यावर कॅमेरेवाला दिसला ना. तुम्हीच म्हणता, फोटो खराब होतो."

कडुबानं डोळे पुसले.

"बाहेर टाक," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता टाक, अन् तिचा फोटो पाठव. तुझी माय खाली बसलीय."