गुरुजींच्या गाडीची चेसिस

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही — पण आता तोंड उघडलंच आहे.

लाखनीला हायवेवर माझं गॅरेज आहे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर एक-दोन वर्षांत टाकलेलं. कोंढ्याचे मेश्राम गुरुजी तिथे सारखे यायचे. निवृत्त शिक्षक, आणि छंद काय — तर एका राइस मिलच्या आवारात तुसाखाली सडत पडलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी करायची. दोन सीटांची, उघड्या टपाची. दिवे जीपचे, सीट टॅक्सीची, रेडिएटर ट्रॅक्टरचा. मी हसायचो. ते म्हणायचे, "हसून काहून राहिला? चेसिस तं तिचीच हाये ना. मंग गाडी तिचीच."

चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. नंबर त्यावरच ठोकलेला असतो. गंज काढायला त्यांनी तो माझ्याकडे आणून टाकला. आणि मी — कसं सांगू? धानाच्या मळणीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे गॅरेजवाला गाड्या नाही, थ्रेशरच दुरुस्त करतो. दारात शेतकरी खोळंबलेले, लोखंड संपलेलं. आवारातलं भंगार समजून एक लोखंडी पट्टा ओढला, कापला, थ्रेशरला स्टँड केलं. दुसरा कापायला घेतला तेव्हा त्यावर नंबर दिसला. गुरुजींची चेसिस होती ती.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? गुरुजी रागावले असते, बस. पण मी नागपूरच्या भंगारबाजारातून त्याच मापाचा सांगाडा आणला, जुना नंबर कापून त्यात वेल्ड केला, घासला, वरून काळा रंग मारला. गुरुजींनी त्यावरून हात फिरवला. पुढच्या खेपेला माझ्यासाठी घरचे चिन्नोर तांदूळ घेऊन आले.

काही वर्षांनी भंडाऱ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. चेसिस मूळची त्या अस्सल गाड्या एका रांगेत, जोडाजोडीच्या दुसऱ्या. पारखायला नागपूरचे एक जाणकार, आणि इथला माणूस म्हणून मी. गुरुजींनी यादी लिहून आणली होती — कुठला भाग कशाचा, काही न लपवता. शेवटची ओळ: चेसिस मूळची. जाणकार टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. जोड त्यांना दिसणारच होता. मग विचारलं असतं, हे काम कोणाचं —

"नंबर जोडलेला हाये जी. फसवणूक हाये ही."

हे मी बोललो. मी! अजूनही तो आवाज माझा वाटत नाही, पण होता माझाच.

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. चेसिस माझ्याशिवाय कोणाकडे गेलीच नव्हती. त्यांना सगळं कळलं, आणि कळलेलं मला दिसलं. माझं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

"माझीच चूक झाली," ते जाणकारांना म्हणाले. मग मला, "पेन हाये काय तुझ्याजवळ?"

मी खिशातून काढून दिलं. त्यांनी शेवटची ओळ खोडली, खाली सही केली, आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

तेव्हापासून जुनी गाडी घेण्याआधी लोक मला ती पारखायला नेतात. याची नजर पक्की आहे, म्हणतात. मी जातो.