देवमनच्या बारा जाहिराती

देवमनने अमरावतीत आपल्याच मास्तरांचं कपाट फोडलं, हे अकोल्याच्या कापूस बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. कपाट कुणी पाहिलेलं नव्हतं, मास्तरांनाही नाही. पण कुलूप किती शेराचं होतं, इथपर्यंतचा तपशील तयार होता. अर्ध्या कप चहात एवढी करमणूक दुसरीकडे कुठे मिळते?

देवमन जिनिंग-प्रेसमध्ये रुईच्या गाठींवर मार्का मारायचा. पत्र्यात कोरलेला साचा गाठीवर धरायचा, वरून काळा रंग फासायचा, मालकाचं नाव उमटायचं. साचा तुटून पडू नये म्हणून कोरताना मधेमधे पत्र्याची पट्टी सोडतात. त्यामुळे अक्षरांची शिरोरेघ जागोजागी तुटलेली येते. सात वर्षांत त्याच्या हातालाच ती खोड लागली. मोकळ्या ब्रशने लिहिलं तरी रेघ दर दुसऱ्या अक्षराशी गव्हाएवढी तुटायची.

“देवमन, तू लग्नाची पाटी लिवली तं नवरी तिकडंच राह्यते अन् नवरदेव इकडं,” प्रेसचे मुनीम नत्थुजी म्हणायचे.

मुंबईच्या जाहिरात कंपन्या चित्रकार पगारावर ठेवतात, पण आधी नमुन्यांची फाईल मागतात, हे त्याला अठ्ठावन्न साली कळलं. तेव्हापासून दर रविवारी पहाटेच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथून अमरावती, शेषराव मास्तरांचा जाहिरातकलेचा क्लास. बसायला जागा दाराजवळची. पिण्याच्या पाण्याचा गडवा घरून. त्याबद्दल क्लासात कुणी काही बोलत नसे, देवमनही नाही.

मास्तरांचा एक नियम होता. नमुन्यावर नाव टाकायचं नाही, आणि नमुने क्लासच्या कपाटातच ठेवायचे.

“जाहिरात मालाची असते, पेंटरची नसते,” मास्तर म्हणत.

बाकीची पोरं कुरकुरली. देवमनला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. गाठीवर मालकाचं नाव असतं, मार्का मारणाऱ्याचं कुठे असतं?

तीन वर्षांत त्याच्या बारा जाहिराती झाल्या: दंतमंजन, चहा, सायकल, केसांचं तेल. मग मुंबईच्या एका कंपनीचं मास्तरांना पत्र आलं, क्लासातल्या एकाने नमुने घेऊन भेटावं.

“मास्तर, माह्यी फाईल देता का? मले मुंबईले जा लागते.”

“काहून घाई करून राहिला? दुरुस्ती बाकी आहे. पुढच्या रविवारी ने.”

पुढच्या रविवारी कपाटात त्याच्या तीनच जाहिराती उरल्या होत्या. मास्तरांचा भाचा सूर्यभान गुरुवारीच मुंबईला गेला होता. हा तोच सूर्यभान, ज्याच्या हातून तीन वर्षांत साबणाची वडीसुद्धा चौकोनी झाली नाही. देवमनने त्या तीन उचलल्या, काखेत मारल्या आणि भर क्लासातून चालता झाला. मागून मास्तर ओरडले, “चोर!”

तो शब्द त्याच्या आधी अकोल्याला पोचला. मास्तरांच्या बोलण्याला कुणी पुरावा मागितला नाही. देवमनकडे सगळ्यांनी मागितला. प्रेसच्या शेठने त्याच्या हातातला साचा काढून घेतला. चोराच्या हाती गिऱ्हाइकांचे मार्के कसे द्यायचे? देवमन गाठी वाहायला लागला.

दोन वर्षांनी त्याची बायको दुर्गाबाई बाजारातून केसांच्या तेलाचा डबा घेऊन आली. डब्यावर वेणी घालणारी बाई, खाली मोठी अक्षरं.

“पाहा जी, हे तं तुमचंच हाये! ही रेघ पाहा.”

देवमनने डबा फिरवून पाहिला. “माह्यं नाव कुठं हाये यावर?”

दुर्गाबाई ऐकणारी नव्हती. डबा घेऊन तडक प्रेसवर गेली आणि नत्थुजींच्या पुढ्यात आपटला. “मुनीमजी, हा हात कोनाचा हाये, सांगा.”

नत्थुजींनी चष्मा लावला. तुटक्या रेघेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. सात वर्षं त्या रेघेवर विनोद केलेला माणूस. मग त्यांनी शेठच्या खोलीकडे पाहिलं.

“तेल चांगलं हाये, बाई,” ते म्हणाले, आणि डबा परत सरकवला.

देवमन पुढे अकरा वर्षं गाठी वाहत राहिला. ब्रश त्याने पुन्हा हातात धरला नाही.

कपाटाला कुलूप नव्हतंच. त्यातली तीन चित्रं देवमनची होती, आणि सूर्यभानने नेलेली नऊसुद्धा.